टिपणीस सरांची दुरुस्ती

टिपणीस सरांच्या टेबलावर खोडरबर कधी नसायचा. आमच्यापैकी कुणाच्या टेबलावर दिसला, तर ते तो उचलायचे, खिडकीपाशी जायचे आणि बाहेर टाकून द्यायचे. मग परत येऊन शांतपणे सांगायचे, "चुकलीस ना? एक रेघ मार आणि पुढे जा. खालची चूक वाचता आली पाहिजे. खोडून टाकलेली चूक माणूस पुन्हा करतो." रसायनशास्त्र विभागाच्या खिडकीखाली इतके रबर पडलेले असायचे, की बी.एस्सी.ची मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी तिथे रबर वेचायला जायची.

ही गोष्ट मी पूर्वी लोकांना कौतुकाने सांगायचे. आता सांगताना दातओठ खाते. सरांबद्दल शांतपणे लिहावं असं मी दोन-तीनदा ठरवलं, पण ते जमत नाही. तेव्हा राग आहे तो राहू दे. माणूस मोठा होता, शिकवायचा असा की जन्मभर विसरता येऊ नये, आणि त्यानेच मला तोंडघशी पाडलं. यातलं एक सांगून दुसरं गाळलं तर मीही त्यांच्याच वाटेने गेले असं होईल.

सर राहायचे पेणला आणि शिकवायचे रोह्याच्या एका कॉलेजात. मी कासूची. सकाळच्या रोह्याच्या गाडीत ते पेणला चढायचे, आणि कासू आलं की दारात उभे राहून पांढरा रुमाल हलवायचे, म्हणजे ते कुठल्या डब्यात आहेत ते मला कळावं. खरं तर त्या गाडीला माणसं मोजकीच असायची, दोन डबे फिरले तरी सापडले असते. पण माझ्या संशोधनाच्या साडेचार वर्षांत तो रुमाल कधी चुकला नाही. एका नव्या गार्डाला वाटलं डब्यात काही भानगड झालीय. तो बिचारा फलाटावरून धावत आला. सर त्याला म्हणाले, "काही नाही हो, माझी विद्यार्थिनी चढायचीय." गार्ड मान हलवून परत गेला, पण पुढे कासूला गाडी माझ्यासाठी जरा जास्त थांबायची असा माझा समज आहे.

उंच, किंचित पोक आलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. एक निळं, एक हिरवं. खांद्याला शबनम, तिच्यात कागद आणि डबा. गुरुवारी डब्यात सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी असली की नागोठणं यायच्या आत डबा उघडला जायचा. सगळ्या डब्यात वास. समोरची बाई नाकाला पदर लावून बसली, तर सर तिलाच विचारायचे, "घेता का थोडी? पेणचे सोडे आहेत." एकदा एका बाईने खरंच घेतली आणि वर काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, कृती लिहून मागितली. सरांनी माझ्या गणिताच्या कागदामागे ती लिहून दिली. माझं गणित तिच्याबरोबर निडीला उतरून गेलं.

माझ्या प्रबंधाचा विषय ऐकून घरचे हात जोडायचे. थोडक्यात सांगते. कोळशासारख्या बारीक भोकांच्या पदार्थात हायड्रोजन वायू साठवता येतो. किती मावेल ते प्रयोगाआधी संगणकावर काढायचं, हे माझं काम. त्यासाठी हायड्रोजनचा एकेक रेणू म्हणजे एक गोटी धरायची. गोट्या एकमेकींना किती ओढतात, किती ढकलतात याची सूत्रं जुनी आहेत. एरवी एवढ्यावर भागतं. पण हायड्रोजन सगळ्यांत हलका, आणि कडाक्याच्या थंडीत ही गोटी गोटीसारखी वागत नाही. ती नेमकी कुठे आहे हेच ठरत नाही, आपल्या जागेभोवती ती पसरून बसते. हा सगळा क्वांटमचा कारभार. तो पुरता धरायचा, तर आमचे तीन जुने संगणक वर्षभर घरघरत बसले असते. म्हणून एक युक्ती करतात. गणित गोट्यांचंच ठेवायचं आणि सूत्राला एक दुरुस्ती जोडायची. तिच्यामुळे थंडीत गोटी जराशी फुगते, आणि उत्तर खऱ्याच्या जवळ येतं.

या दुरुस्तीवर सरांचा जीव होता. तरुणपणी त्यांनी यावर एकच शोधनिबंध लिहिला होता. गोटी केवढी धरायची, किती चिकट धरायची, याचे आकडे त्यात होते. ते आकडे घालून आणि वर दुरुस्ती जोडून आलेलं उत्तर प्रयोगाशी असं जुळायचं की बघत राहावं. त्या एका निबंधाच्या जोरावर विद्यापीठाने रोह्यासारख्या ठिकाणी संशोधन केंद्र दिलं. केंद्र म्हणजे एक खोली, ते तीन संगणक आणि सॅमसनकाका.

सॅमसनकाका आमचे प्रयोगशाळा परिचर. रोह्याजवळच्या एका गावातले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. भाऊ, बहिणी, भाचे सगळे इस्राएलला गेले, हे मागे राहिले. "कुंडलिका नदी सोडून मना झोप नाय लागायची," एवढंच कारण सांगायचे. शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा, त्या दिवशी ते कामाला हात लावत नसत, आणि कॉलेज तर शनिवारी चालू. आधीच्या विभागप्रमुखांनी त्यावरून त्यांना फार छळलं होतं. सर आले आणि त्यांनी लेखी काही न करता एक रीत पाडली. शनिवारी प्रयोगशाळा सर स्वतः उघडायचे, झाडायचे, पोरांनी घाण केलेल्या परीक्षानळ्या स्वतः धुवायचे. काका त्याबदल्यात रविवारी येऊन उरलेलं करून जायचे. प्राचार्यांनी एकदा सरांना बाह्या सरसावून नळाखाली बघितलं आणि म्हणाले, "टिपणीस, शोभतं का हे?" सर म्हणाले, "नळी स्वच्छ निघते की नाही ते बघा." अशा माणसावर विश्वास टाकू नये तर कुणावर टाकावा?

आमच्या घरीही ते आले होते. एम.एस्सी. झाल्यावर मला कंपनीत नोकरी लागत होती आणि वडिलांना ती हवी होती. आमचं शेत भाताचं, भात निघालं की वाल. घरात पुष्कळ शिकलेलं असं कुणी नव्हतं. सर कासूला उतरून बांधावरून चालत आले, ओसरीवर बसले, वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं आणि मग विषयाला हात घातला.

वडील म्हणाले, "पोरगी हुशार हाय, ता मना म्हायत हाय. पण सर, ह्या शिकून करनार काय ती?"

"दादा, माझ्यानंतर ती खोली चालवणार."

"आनि नाय झाला पुरा तर?"

"मी आहे ना. ती पडली तर आधी मी पडेन."

वडिलांनी एवढंच धरून ठेवलं. "सर बोलले ना, मंग झाला." कंपनीला मी नकार कळवला.

ही क्वांटमची दुरुस्ती शिकवायला सर मला एकदा पेणच्या एका मूर्तिकारांकडे घेऊन गेले. मनोहरशेठ सरांचे शेजारी. कारखान्यात शाडूच्या ओल्या मूर्ती रांगेने वाळत होत्या. सर म्हणाले, "शाडू वाळली की आकसते. मग फुटाची मूर्ती हवी असेल तर साचा केवढा करतात? विचार त्यांना." मनोहरशेठ म्हणाले, दोन बोटं मोठा. सर माझ्याकडे वळले. "झालं. वाळण्याचं सगळं शास्त्र त्यांना ठाऊक नाही, पण दोन बोटांची दुरुस्ती ठाऊक आहे, आणि मूर्ती बरोबर येते. आपण तेच करतो." इतकं सोपं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी खूश.

मनोहरशेठना मात्र बोलायचं होतं. "पण सर, यातपन घोळ होतो हां. एका वर्षी मी भावाला मापच वाढवून दिला. त्याला काय म्हायत नाय, त्यानं साचा करताना आपल्या अकलेनं अजून दोन बोटं वाढवली. गणपती काय मखरात जायना! गिऱ्हाईक माज्या नावानं शिमगा करून गेला."

मी पोट धरून हसले. सर हसले नाहीत. घड्याळात बघून म्हणाले, "चल, तुझी गाडी चुकेल." गाडीला तासभर अवकाश होता. तो तासभर आम्ही पेण स्टेशनच्या बाकावर बसून काढला आणि सर रुळांकडे बघत बसले. मला वाटलं, भूक लागली असेल.

साडेचार वर्षं मी सरांचे आकडे घेऊन गणितं केली. वेगवेगळ्या भोकांच्या, वेगवेगळ्या थंडीच्या. उत्तरं बहुतेक वेळा छान जुळायची. भोकं फारच बारीक झाली की मात्र बिनसायचं. प्रयोगात जेवढा हायड्रोजन मावतो त्याहून माझ्या गणितात कमी मावायचा. मी ते सरांकडे तीनदा घेऊन गेले. पहिल्यांदा ते म्हणाले, भोकाचं माप तपास. दुसऱ्यांदा म्हणाले, प्रयोगच कच्चा असेल. तिसऱ्यांदा म्हणाले, "ज्योती, ते एक प्रकरण सध्या बाजूला ठेव. प्रबंध संपव आधी." मी ठेवलं. इथे माझीही चूक आहे आणि ती मी एक रेघ मारून तशीच ठेवते. आकडे कुठून आले हे मी विचारायला हवं होतं. सरांचे आहेत म्हटल्यावर मला तो प्रश्नच पडला नाही.

प्रबंध देण्याआधी विद्यापीठाच्या समितीपुढे सादरीकरण असतं. समिती रोह्यालाच आली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ एक बाई होत्या, बारीक अंगाच्या, सारखं पाणी पिणाऱ्या. सर पहिल्या रांगेत बसले होते. सॅमसनकाका दाराशी चहाची किटली घेऊन उभे. मी चांगलं बोलले. खरंच चांगलं बोलले. मग बाईंनी पाण्याची बाटली खाली ठेवली आणि अगदी सहज विचारलं, "गोटीच्या मापाचे हे आकडे कशावरून काढलेत?"

सरांच्या निबंधात एका ओळीत होतं तेच मी म्हटलं, "प्रयोगावरून, मॅडम. थंडीतल्या प्रयोगांशी जुळवून."

"म्हणजे त्या प्रयोगातला हायड्रोजन आधीच पसरलेला होता."

"हो."

"म्हणजे गोटी आधीच फुगलेली तुम्ही घेतलीत. मग वरून पुन्हा दुरुस्ती कशाला?"

मला मनोहरशेठ आठवले. तो न मावणारा गणपती आठवला. बारीक भोकांत हायड्रोजन कमी का मावत होता, ते एका क्षणात समजलं. गोटी दोनदा फुगवली होती. मोठ्या भोकांत ते खपून जावं म्हणून आकड्यांत गोटीचा भोकाच्या भिंतीशी चिकटपणा थोडा वाढवलेला होता, तो तिथे पुरायचा आणि बारीक भोकांत उघडा पडायचा. साडेचार वर्षांचं माझं प्रत्येक उत्तर त्या पायावर उभं होतं.

मी सरांकडे बघितलं. माझी खात्री होती की ते उठतील. आकडे माझे नाहीत, त्यांचे आहेत, हे त्या खोलीत फक्त दोघांना नीट ठाऊक होतं. बाईंनी निबंध वाचला असेल-नसेल. सर उठलेही. खिशातलं हिरवं पेन काढलं, टोपण उघडलं आणि समितीकडे बघून म्हणाले, "मी हिला सुरुवातीलाच सांगितलं होतं, आकडे तपासून घे. मुलं ऐकत नाहीत."

मग त्यांनी समितीच्या शेऱ्याखाली सही केली. सगळी गणितं नव्याने करावीत, असा शेरा होता. माझ्या नोंदणीची मुदत संपायला तीन महिने राहिले होते, आणि वाढवून मिळायची ती एकदा वाढवून झाली होती. नव्याने करायची म्हणजे सोडून द्यायची, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. सरांना सगळ्यांत जास्त.

घरी वडिलांनी विचारलं, "सर काय बोलले?"

मी म्हटलं, "काय नाय."

"असा कसा? त्यांनी शबूद दिलाय."

त्यांना ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीला गेले नाही म्हणून ते स्वतः कासू स्टेशनवर जाऊन उभे राहिले, सरांना विचारायला. परत आले आणि गोठ्यात जाऊन बसले. नंतर आईला म्हणाले, "गाडी आली, गेली. दारात कोन नव्हता."

तरी मी सरांना दोष देत नव्हते. घाबरले असतील, नकळत बोलून गेले असतील, चूक त्यांनाही आयत्या वेळीच कळली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माणूस किती वेडा असतो. ती समजूत सॅमसनकाकांनी मोडली, आणि त्यांनाही ते मुळीच आवडलं नाही.

खोलीतलं माझं सामान आणायला मी रविवारी मुद्दाम गेले, कुणी नसताना. काका कपाट आवरत होते. मला बघून त्यांनी हात पुसले आणि एक जुनी रेघी वही पुढे केली.

"गो ज्योती, ही बघ. सर बोलले जुनी कागदा जाळून टाक. मी कवापासून इथं हाय, सरांनी कवा काय जाळलेला मी बघितला नाय. म्हनून ठेवली."

वही सरांची होती, त्यांच्या त्या एकुलत्या निबंधानंतरच्या वर्षांतली. पानापानावर त्या सुंदर अक्षरातली गणितं आणि चुकलं तिथे एकेक रेघ, खालचं सगळं वाचता येण्यासारखं. फक्त एका पानाच्या तळाशी चार ओळी हिरव्या शाईने अशा गिरगटून टाकल्या होत्या की कागद फाटायला आला होता. मी ते पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं. गिरगोट्यामागून अक्षर दिसलं. 'हे आकडे प्रयोगावर बसवलेले आहेत. म्हणजे दुरुस्ती त्यांच्यात आधीच आलेली आहे. पुन्हा जोडली तर दोनदा होते. निबंध मागे घ्यावा लागेल का?' वर तारीख होती. त्या तारखेला मी दहावीला होते.

काका म्हणाले, "काय हाय त्यात?"

मी सांगितलं. ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "शनवारी माज्या नळ्या धुतल्या गो त्या मानसानं." मलाही तेच बोलायचं होतं.

ती वही घेऊन मी तशीच पेणला गेले. काकूंनी दार उघडलं, नेहमीसारखे पोहे टाकायला आत गेल्या. सरांनी वही ओळखली. नाटक मात्र केलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगते.

"तुम्हांला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मी तीनदा विचारायला आले होते, सर. तीनदा."

"बहुतेक ठिकाणी जुळत होतं ना, ज्योती. मला वाटलं, चालून जाईल." ते पुढे म्हणाले, "निबंध मागे घेतला असता तर केंद्र मिळालं नसतं. मग कासूची मुलगी संशोधन करायला गेली कुठे असती?"

हे वाक्य मला अजून छळतं, कारण ते खरं आहे. त्या खोटेपणाशिवाय मला ती खोली दिसली नसती. पण म्हणून माझी साडेचार वर्षं त्यांनी आपल्या नावावरचं पांघरूण म्हणून वापरावीत? मी त्यांना एवढंच म्हटलं, समितीला एक ओळ लिहा. 'आकडे माझे होते, मुलीने मला विचारलं होतं.' बस. मुदत खास बाब म्हणून आणखी एकदा वाढवायची की नाही ते समिती ठरवेल.

"लिहितो," ते म्हणाले.

"नक्की?"

"लिहितो म्हटलं ना. वही इथे ठेवून जा. संदर्भ द्यावा लागेल."

आणि मी ठेवून आले. सगळं कळल्यावरसुद्धा, सरांनी ठेव म्हटलं म्हणून मी ती वही त्यांच्या टेबलावर ठेवली, काकूंचे पोहे खाल्ले, वाकून नमस्कार केला आणि निघाले. या गोष्टीत मला कुणाचा सगळ्यांत जास्त राग येत असेल तर त्या पोहे खाणाऱ्या मुलीचा. सरांनी ओळ लिहिली नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा काकूंनी उचलला आणि सर आंघोळीला गेलेत असं सांगितलं. मुदत संपली. मी रोह्याच्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीला लागले, जनरल शिफ्ट. आता मालाचे नमुने तपासते आणि आकडा कुठून आला हे विचारल्याशिवाय कुठल्या कागदावर सही करत नाही. कंपनीतले लोक मागून मला 'कुठून आला' म्हणतात.

पाच वर्षं आम्ही भेटलो नाही. सर निवृत्त झाल्याचं कानावर आलं होतं. मग यंदा पेणला विज्ञान शिक्षकांचा मेळावा होता, कंपनीने त्याला देणगी दिली होती म्हणून मला तिथे पाठवलं, आणि पत्रिकेत प्रमुख वक्ते म्हणून त्यांचं नाव होतं. विषय होता 'संशोधनातील प्रामाणिकपणा'. मी आधी हसले. मग मागच्या रांगेत जाऊन बसले.

ते सुंदर बोलले. केस पुरते पांढरे झालेत, पोक वाढलंय, पण आवाज तोच, सभागृहाला मुठीत घेणारा. रबराची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग म्हणाले, "एक उदाहरण देतो. माझ्याकडे एक मुलगी होती. खेड्यातली, अत्यंत हुशार. तिच्या हातून एक चूक झाली, एकच दुरुस्ती तिने दोनदा जोडली. साडेचार वर्षांचं काम होतं. शिक्षक म्हणून मला फार वाईट वाटलं. पण समितीपुढे मी तिची बाजू घेतली नाही. माया बाजूला ठेवावी लागते." पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. ही गोष्ट ते पहिल्यांदा सांगत नव्हते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं पक्कं बसलेलं होतं.

भाषण संपलं, प्रश्न विचारा म्हणाले. मी उठले. माईक माझ्यापर्यंत यायला जरा वेळ लागला, तेवढ्यात सरांनी मला ओळखलं. मला तिथूनही दिसलं.

मी म्हटलं, "सर, त्या मुलीला ते आकडे कुणी दिले होते?"

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. सरांनी चष्मा काढला, हातात धरला. माझ्याकडे बघत राहिले, चांगला वेळ. आणि खोटं कशाला बोलू, त्या वेळात मला वाटत होतं की आता सांगतील. ओठ हललेही त्यांचे. सांगितलं असतं तर मी सगळं विसरले असते. पाच वर्षं, वडील, कंपनी, सगळं. तिथून पुढे जाऊन पाया पडले असते.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, माझ्यावरून नजर उचलून पलीकडच्या रांगेकडे नेली आणि त्या प्रसन्न आवाजात म्हणाले, "पुढचा प्रश्न?"